मासे बघायला जाताय? आधी पाण्याकडं बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांची सहल मुंबईला निघाली की गेटवे, राणीची बाग आणि मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय ही ठिकाणं ठरलेली असायची. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलेलं ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. आता आपल्याकडची मंडळी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूरला जातात तेव्हा कब्बन पार्कातलं जुनं सरकारी मत्स्यालय उघडं असलं तर बघून येतात. कुणी अहमदाबादच्या सायन्स सिटीत जातं. तिथं २०२१ मध्ये मोठं मत्स्यालय सुरू झालंय आणि शार्कच्या टाकीतून जाणारा २८ मीटरचा बोगदा आहे. ज्यांची मुलं बाहेर नोकरीला आहेत, ते दुबई-सिंगापूरचं मत्स्यालय बघून येतात. परत आल्यावर सगळ्यांच्या फोनमध्ये एकसारखेच फोटो असतात: निळा उजेड, त्यात एक धूसर मासा, आणि काचेवर उमटलेलं फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब.

मासे बघण्यात गैर काही नाही. पण तिथं सगळ्यात जास्त डोकं आणि सगळ्यात जास्त वीज खर्च होते ती पाण्यावर. मासा फक्त त्यात राहतो. तिकिटाचे पैसे देऊन आत जातोच आहोत, तर हे पाणी येतं कुठून, स्वच्छ कसं राहतं आणि काच फोडून बाहेर का येत नाही, एवढं समजून गेलं तर तोच मासा बघायला दुप्पट मजा येते.

समुद्र घाटावर कसा आणायचा

समजा, बेळगावातच दहा लाख लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी बांधायची ठरली. जगातल्या मोठ्या टाक्यांच्या मानानं ही लहानच. जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातली मुख्य टाकी ७५ लाख लिटरची आहे आणि तिच्यात देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, फिरतात. दुबईच्या मॉलमधली टाकी एक कोटी लिटरची. आपली दहा लाखांची.

पहिला मार्ग सरळ दिसतो: गोव्यातून टँकर भरून आणायचे. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर शंभर खेपा चोर्ला घाट चढून याव्या लागतील. त्यातही किनाऱ्यालगतचं पाणी कामाचं असेलच असं नाही. पावसाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्यानं त्याचा खारेपणा उतरतो, गाळ वाढतो, बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो. ओकिनावासारखी समुद्राकाठची मत्स्यालयं थेट समुद्रातून पाइपनं पाणी ओढतात. त्यांना हे परवडतं. घाटावरच्यांना नाही.

तरीही हा वेडेपणा एकदा कुणीतरी केलेला आहे. अमेरिकेतलं शिकागो शहर समुद्रापासून खूप लांब. तिथं १९३० मध्ये शेड मत्स्यालय उघडलं तेव्हा फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावरच्या की वेस्टहून रेल्वेनं समुद्राचं पाणी आणलं. २० टाकी-डब्यांच्या गाडीनं ८ फेऱ्या मारल्या आणि सुमारे ३८ लाख लिटर पाणी शिकागोत पोहोचवलं. आपल्याकडं वास्कोहून ब्रागांझा घाट चढून लोंढ्याला येणारी रेल्वे आहेच, तेव्हा कल्पना करायला हरकत नाही.

आज समुद्रापासून लांबची बहुतेक मत्स्यालयं समुद्राचं पाणी बनवतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा लाख लिटरला ३५ टन. पण दुकानातलं मीठ आणून ढवळलं म्हणजे समुद्र होत नाही. जेवणातलं मीठ जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हे ठरलेल्या प्रमाणात असतात. गंमत म्हणजे खारेपणा जागोजागी कमी-जास्त होतो, पण या घटकांचं आपसातलं प्रमाण अरबी समुद्रात आणि अटलांटिकमध्ये जवळपास सारखंच सापडतं. म्हणून तर समुद्राची ‘पाककृती’ लिहून ठेवता येते आणि तयार मिश्रणाची पोती विकत मिळतात.

पाणी आपलं राकसकोपचं चालेल, नळाचं. फक्त त्यातलं क्लोरीन आधी घालवायला हवं. माणसाला निर्जंतुक पाणी मिळावं म्हणून घातलेलं ते क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. सोडियम थायोसल्फेट टाकलं की ते लगेच निघून जातं.

एकदा समुद्र तयार झाला की पाणी रोज थोडं उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी खारं नव्हे, गोडं पाणी घालायचं. खारंच घालत राहिलं तर टाकीतला खारेपणा महिन्या-महिन्यानं चढत जाईल आणि मासे सुकतील. पाण्यात राहून सुकणं ऐकायला विचित्र वाटतं, त्याच्याकडं पुढं येऊ.

न दिसणारी घाण

मत्स्यालयातलं पाणी इतकं स्वच्छ असतं की हजारो मासे त्यातच खातात आणि त्यातच शी-शू करतात हे आपल्या ध्यानातही येत नाही. ध्यानात येत नाही, यातच सगळी करामत आहे.

माशाची खरी घाण डोळ्यांना दिसत नाही. आपण नायट्रोजनयुक्त कचरा युरिया करून लघवीवाटे टाकतो. बहुतेक मासे तो अमोनियाच्या रूपात टाकतात, तोही मुख्यतः कल्ल्यांतून, श्वासाबरोबर. समुद्रात तो अमोनिया क्षणात विरून जातो. टाकीत जाणार कुठं? आणि अमोनिया विषारी. त्यातून समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, सामू (pH) ८ च्या थोडा वर. असल्या पाण्यात अमोनियाचं विषारी रूप जास्त प्रमाणात तयार होतं. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीला चुकीची माफी आणखी कमी.

इथं कामाला येतात जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही वाईट, ते माशाच्या रक्तातली ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतं आणि रक्त तपकिरी पडतं. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते त्या मानानं सौम्य, बरंच वाढेपर्यंत मासे सहन करतात. उरलेलं नायट्रेट काढायला एकतर थोडं थोडं पाणी बदलतात, नाहीतर तिसऱ्या प्रकारच्या जिवाणूंना मुद्दाम ऑक्सिजन नसलेल्या कप्प्यात ठेवतात. ते त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात.

हे जिवाणू पाण्यात मोकळे फिरत बसत नाहीत. त्यांना चिकटायला पृष्ठभाग लागतो. म्हणून पडद्यामागं खडी, वाळू किंवा प्लास्टिकच्या खाचाखाचांच्या तुकड्यांनी भरलेले उंच मनोरे असतात आणि टाकीचं पाणी त्यांच्यावरून वाहत राहतं. बघणाऱ्याला वाटतं, ही गाळणी आहे. खरंतर ती वसाहत आहे. मार्कंडेय नदीत दगडावर पाय ठेवला की बुळबुळीत लागतं, त्या थरातही हेच जिवाणू हेच काम करत असतात. गावाचं सांडपाणी त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं की नदी मरते आणि वीज गेल्यावर मनोऱ्यातलं पाणी थांबलं की जिवाणू गुदमरतात, मागोमाग मासे. मोठ्या मत्स्यालयात जनरेटर आहे का हा प्रश्न एसीसाठी नसतो.

ही वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकी भरलेली, दिवे लागलेले, पाणी आरशासारखं, आणि मासा एकही नाही. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून मग टाकी भरणाऱ्यांना हे समजावणं फार अवघड काम असणार, असं मला नेहमी वाटतं.

जिवाणूंच्या आधी आणि नंतरही बरीच यंत्रणा असते. वाळूच्या मोठ्या गाळण्या असतात, शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात असतात तशाच. पंप इतके मोठे की टाकीतलं सगळं पाणी दर एक-दोन तासांनी गाळून परत येतं. यात एक यंत्र मात्र खास आहे, प्रोटीन स्किमर. चिकोडी-निपाणी भागात गुऱ्हाळावर उभं राहिलेल्या माणसाला ते चटकन समजेल. काहिलीत उसाचा रस तापायला लागला की भेंडीचं चिकट पाणी घालतात, मळी फेसाबरोबर वर येते आणि ती काढून टाकतात, म्हणून गूळ स्वच्छ होतो. स्किमरमध्ये पाणी तापवत नाहीत. उंच नळकांड्यात खालून हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडतात. माशांच्या अंगावरची बुळबुळ, खाण्याचे विरघळलेले अंश, अशी प्रथिनं बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, दाट फेस होऊन वर चढतात आणि वरच्या भांड्यात सांडतात. त्या भांड्यातला चहाच्या रंगाचा, घाण वासाचा द्रव बघितला की पाणी स्वच्छ दिसण्यावरचा आपला विश्वास उडतो. हे यंत्र खाऱ्या पाण्यातच नीट चालतं. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होतात आणि एकमेकांत मिसळून फुटतात.

त्यानंतर बऱ्याच ठिकाणी ओझोन सोडतात. तो जंतू मारतो आणि पाण्यातला पिवळसरपणा काढतो. पाणी काचेसारखं पारदर्शक होतं ते बरंचसं त्याच्यामुळं. पण मात्रा जास्त झाली तर समुद्रातल्या ब्रोमाइडशी संयोग होऊन त्याचंही विष होतं, त्यामुळं त्याच्यावर चोवीस तास मीटर.

काच नसलेली काच

मोठ्या टाकीची ‘काच’ बहुतेक वेळा काच नसते, ॲक्रिलिक असतं, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. जाड काच लोखंडाच्या अंशामुळं हिरवट दिसते. टेबलावरच्या काचेची कड बघितलीत तर हा हिरवा रंग कळेल. ॲक्रिलिक कितीही जाड केलं तरी जवळजवळ रंगहीन राहतं, वजनाला काचेच्या निम्म्याच्याही खाली भरतं आणि पटकन तडकत नाही. शिवाय दोन तुकड्यांच्या फटीत द्रवरूप ॲक्रिलिकच ओतून ते घट्ट करता येतं, मग सांधा शोधावा लागतो. ओकिनावाची खिडकी २२.५ मीटर लांब, ८.२ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. ती असे थर चिकटवूनच केलेली आहे.

जाडी इतकी का, याचं उत्तर सगळ्यांना माहीत असल्यासारखं वाटतं: पाणी खूप, म्हणून दाब खूप. हे चूक आहे. दाब पाण्याच्या एकूण साठ्यावर ठरत नाही, फक्त खोलीवर ठरतो. आठ मीटर उंच खिडकीमागं हातभर पाणी असो की अख्खा अरबी समुद्र, खिडकीवरचा दाब तेवढाच: तळाशी दर चौरस मीटरला सुमारे आठ टन, वरच्या कडेला शून्य. दुबईची टाकी एक कोटी लिटरची आहे म्हणून तिची खिडकी ७५ सेंटिमीटर जाड नाही. ती ८ मीटरहून उंच आणि जवळजवळ ३३ मीटर रुंद आहे म्हणून तेवढी जाड. हिडकलच्या धरणाची भिंत पायाशी रुंद आणि वर अरुंद आहे तीही याच हिशेबानं.

आणि फुटतं का? फुटलेलं आहे. बर्लिनमधल्या एका हॉटेलच्या दालनात ॲक्वाडोम नावाचा उभा, गोल, उंच हौद होता. त्याच्या मधून लिफ्ट जायची. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे तो अचानक फुटला, दहा लाख लिटर पाणी रस्त्यावर आलं, सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक मेले. दिवसाची वेळ असती तर माणसंही गेली असती. चौकशीत एकच एक कारण नक्की करता आलं नाही. जगभरातल्या शेकडो टाक्यांच्या मानानं अशी दुर्घटना फार विरळ, हेही तितकंच खरं.

खिडकीसमोर उभं राहिल्यावर डोळे फसतात ते वेगळंच. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वळतो, त्यामुळं सपाट खिडकीमागं चार फुटांवर असलेला मासा तीन फुटांवर असल्यासारखा वाटतो, म्हणून मोठाही वाटतो. बोगद्यात उलटं होतं. वळणाच्या भिंतीमुळं डोक्यावरचा शार्क असतो त्याहून लहान दिसतो. तेव्हा बोगद्यातून बाहेर येऊन “एवढाच होता की गा,” असं म्हणायची घाई नको. आणि खिडकीकडं तिरकं बघू नये, चित्र ताणलं जातं आणि माशांच्या कडांना रंगीत झालर येते. समोर, अगदी काटकोनात उभं राहावं.

शार्क बाकीच्यांना खाईना कसा?

लहान पोरांचा हा पहिला प्रश्न, आणि मोठ्यांच्या मनातलाही. सरळ उत्तर: त्याचं पोट भरलेलं असतं. शार्क थंड रक्ताचा, त्याला आपल्यासारखं रोज दोनदा जेवण लागत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, लांब काठीला मासा लावून प्रत्येकाला मोजून भरवतात आणि कुणी किती खाल्लं याची नोंद ठेवतात. मोठ्या टाकीत ठेवले जाणारे शार्कही निवडक जातींचे असतात, बहुतेक संथ स्वभावाचे. सँड टायगर हा जबडा उघडा ठेवून दात दाखवत फिरतो म्हणून सगळ्यात भयंकर वाटतो. स्वभावानं तो आळशी. तरीही अधूनमधून एखादा मासा कमी होतोच. ती बातमी होत नाही एवढंच.

पांढरा मोठा शार्क, सिनेमातला, मात्र कुठल्याच मत्स्यालयाला टिकवता आलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयानं २००४ मध्ये एक पिल्लू १९८ दिवस सांभाळलं आणि मग समुद्रात सोडलं. ओकिनावात २०१६ मध्ये आणलेला तीन दिवसांत मेला. असल्या शार्कना आणि कुप्याला, म्हणजे ट्यूनाला, श्वास घ्यायला सतत पुढं पोहत राहावं लागतं. तोंड उघडं ठेवून पोहलं तरच कल्ल्यांवरून पाणी वाहतं. कोपरे असलेल्या टाकीत ते अडकतात, म्हणून त्यांच्या टाक्या गोल किंवा लांबोळक्या.

आता मघाचं पाण्यात सुकणं. सुरमई-बांगड्याच्या अंगात समुद्राच्या साधारण एक तृतीयांश मीठ असतं. बाहेर जास्त मीठ, आत कमी. मग अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. म्हणून समुद्रातला मासा सतत पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. मलप्रभेतल्या माशाचं नेमकं उलटं: बाहेर मीठ नाही, पाणी आत घुसत राहतं, म्हणून तो पाणी पीत नाही आणि पातळ लघवी भरपूर करतो. दोघांना एकमेकांच्या पाण्यात टाकलं तर एक सुकून मरेल, दुसरा फुगून. शार्कनं तिसराच मार्ग काढलाय. तो युरिया टाकून देत नाही, रक्तातच साठवतो आणि अंगातलं पाणी समुद्राइतकंच ‘जड’ करून घेतो. बाजारात शिळी मोरी, म्हणजे लहान शार्क, आणली तर उग्र अमोनियाचा वास मारते तो याच युरियामुळं. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. मोरीचं मटण ताज्या मोरीचंच करायचं, हे आपल्या बायकांना या रसायनशास्त्राच्या आधीपासून माहीत आहे.

माशांच्या आजारपणावर एक वेगळा लेख होईल, पण दोन गोष्टी इथल्या वाचकाला मुद्दाम सांगण्यासारख्या. पहिली, नवीन आलेला मासा थेट मोठ्या टाकीत जात नाही. त्याला काही आठवडे वेगळं ठेवतात आणि अंगावरचे परजीवी मारायला पाण्यात तांब्याचा क्षार घालतात. मोरचूदच तो, अथणीकडचे द्राक्षवाले बोर्डो मिश्रणात वापरतात तोच. मात्रा फार नेमकी लागते. कोळंबी, प्रवाळ यांना तर तो अजिबात सोसत नाही, म्हणून त्यांच्या टाकीत तांबं बंद. दुसरी गोष्ट, टाकीतल्या शार्कना गलगंड होतो. ओझोनमुळं पाण्यातल्या आयोडीनचं रूप बदलतं आणि वाढलेलं नायट्रेट ते शरीरात शोषू देत नाही. मग आयोडीन खाण्यातून द्यावं लागतं. गोठवलेल्या काही जातींच्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्यही असतं, तेव्हा भरवायच्या माशाच्या कल्ल्यात गोळी दडवून देतात. आजारी म्हाताऱ्याला केळ्यातून गोळी देणाऱ्या घरांत हे नवीन नाही.

जेलीफिशची टाकी गोल असते, कारण ते कोपऱ्यात गेले की तिथंच फाटतात. तिच्यात पाण्याचा मंद भोवरा सतत फिरत असतो आणि ते त्यात तरंगत राहतात.

भारतातल्या मत्स्यालयात गेलात तर टाकीतली रंगीत प्रवाळं बऱ्याचदा सिमेंटची किंवा रेझिनची असतात. त्यात फसवणूक नाही. कठीण प्रवाळ, समुद्री घोडे आणि व्हेल शार्क यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना समुद्रातून काढणं गुन्हा. डॉल्फिनचे खेळही आपल्याकडं २०१३ पासून चालत नाहीत, आणि ते बरं झालं. रोज मैलोन्‌मैल पोहणाऱ्या, आवाजानं वाट काढणाऱ्या प्राण्याला चार भिंतींत ठेवण्याच्या बाजूनं एकही चांगलं कारण मला सापडत नाही. व्हेल शार्कच्या बाबतीत माझं मत अजून डळमळीत आहे.

गेल्यावर काय करायचं

सुट्टीच्या दिवशी दुपारी जाऊ नका. सकाळी दार उघडताना जा, पोरांना खिडकीपाशी जागा मिळते. फ्लॅश बंद. त्यानं मासे बिचकतात आणि फोटोत फक्त फ्लॅश येतो. काळा शर्ट घातलात तर खिडकीवर तुमचं प्रतिबिंब कमी पडतं. काचेवर टकटक नको: पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो आणि माशाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिच्यानं त्याला पाण्यातली प्रत्येक थरथर कळते. शिवाय ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, अंगठीचा खडासुद्धा पुरतो.

एकाच मोठ्या टाकीसमोर अर्धा तास बसा, बाकीच्या भराभर बघितल्या तरी चालतील. पाणी कुठून आत येतं ते शोधा. तिथं मासे प्रवाहाकडं तोंड करून ओळीत उभे असतात. खिडकीच्या कडेला जाऊन जाडी बघा. खाणं द्यायची वेळ तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्या. आणि आत कुणी कर्मचारी मोकळा दिसला तर “तुमच्याकडं पाण्याची तपासणी दिवसातनं किती वेळा होते?” असं विचारा. “सगळ्यात मोठा मासा कुठला?” हे दिवसातून शंभरदा ऐकून वैतागलेला माणूस या प्रश्नावर खुलतो आणि मागची बाजू दाखवायचीही शक्यता असते.

मासा त्याच्या घरात बघायचा असेल तर मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेटापाशी पाण्यात उतरायची सोय आहे. आणि पोहता येत नसेल तर आंबोलीला जा. तिथल्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात एक लहानसा, काठाच्या गोट्यांमधून फिरणारा मासा सापडला. शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि नदीवरून नाव ठेवलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तीच हिरण्यकेशी पुढं आजरा, गडहिंग्लजवरून आपल्या संकेश्वरात येते आणि घटप्रभेला मिळते. कुठल्याही मत्स्यालयाच्या पोस्टरवर हा मासा येणार नाही. अगदीच लहानसा आहे. पण नेसरी-संकेश्वरच्या पोरांना व्हेल शार्कच्या आधी तो माहीत असायला हवा.

मत्स्यालय बघून आलेली पोरं आठवड्याभरात घरात मासे मागतात, तेव्हा त्यासाठीही थोडं. काचेच्या वाटीतला गोल्डफिश घेऊ नका. तो वीतभर होणारा मासा आहे आणि वाटीत त्याच्याच अमोनियात मरतो. लहान टाकी मोठीपेक्षा सोपी नसते, अवघड असते, कारण थोड्या पाण्यात विष लवकर चढतं. दुकानदार टाकी साफ ठेवायला सकर मासा देईल. तो फूटभर होतो, मग घरातले त्याला नदीत सोडायला निघतात. देशातल्या कितीतरी तळ्या-नद्यांत तो असाच शिरलाय आणि तिथल्या माशांची जागा खातोय. मार्कंडेय असो की हिरण्यकेशी, पाळलेला मासा नदीत सोडायचा नाही, ओळखीत कुणाला तरी द्यायचा.

टाकी निदान पन्नास-साठ लिटरची घ्या, फिल्टर दिवसरात्र चालू ठेवा. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं वापरा म्हणजे क्लोरीन उडून जातं. पहिला महिनाभर दोनच चिवट मासे, चिमूटभरच खाणं, आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळा, नाहीतर त्यात बसलेले जिवाणू क्लोरीननं मरतात आणि महिना पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो.